कूस बदलली की घर फिरते

पुनावळ्यात पवनेकाठी आता उसापेक्षा इमारतीच जास्त दिसतात. तरी चार-दोन घरांनी जमीन धरून ठेवली आहे. अशाच एका घरी गेल्या पावसाळ्यात गेलो होतो. घरच्या आजी खाटेवर मान ताठ धरून बसलेल्या. म्हणाल्या, “साहेब, कुशीवर वळले की आढं गरगरतं. डोळे मिटून पडलं की जरा वेळात थांबतं. पण वळायचीच भीती बसलीय.”

अशक्तपणा समजून सलाईनच्या दोन बाटल्या झाल्या होत्या. गोळ्या महिनाभर चालू होत्या. दृष्टही काढून झाली होती! आजींनी शेतावर जाणे सोडले होते.

मी शेतीखात्यातला माणूस, वैद्य नव्हे. पण हीच भोवळ मला स्वतःला येऊन गेली होती, म्हणून ओळखीची वाटली.

आपल्या कानात खोलवर पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. गवंड्याची पाणसळ असते ना, तशी ही शरीराची पाणसळ. शेजारच्या कप्प्यात चुनखडीचे अतिशय बारीक कण चिकटलेले असतात. उतारवयात, किंवा डोक्याला मार लागल्यावर, त्यांतले काही सुटून नळीत शिरतात. डोके वळले की कण घरंगळतात, नळीतले पाणी हलते, आणि डोके थांबले तरी मेंदूला वाटते की आपण फिरतोच आहोत. हा फेरा बहुधा मिनिटभराच्या आत ओसरतो. गोळीने मळमळ कमी होते, कण मात्र जागचे हलत नाहीत.

ते हलवण्याची युक्ती अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांनी 1980 च्या सुमारास मांडली. डॉक्टर रुग्णाला निजवून, डोके ठराविक क्रमाने वळवत, कण पुन्हा मूळ कप्प्यात उतरवतात. बाटलीच्या वाकड्या तोंडातून खडा काढावा तसे! पुष्कळांना एक-दोन खेपांतच उतार पडतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा मात्र घरच्या घरी मान पिरगाळू नका.

सगळीच भोवळ कानाची नसते. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, एकाची दोन दिसू लागली किंवा उभेच राहवेना, तर 108 ला फोन करून तडक मोठे रुग्णालय गाठा. तिथे तास मोजावे लागतात. फवारणीनंतर घेरी येऊन घाम, लाळ सुटली तर ती विषबाधा समजा. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा बरोबर घेऊनच दवाखान्यात जा. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीने किती घरे उघडी पडली, हे आपण विसरलेलो नाही.

आजींना मुलाने पिंपरीला नेले. दोन खेपा झाल्या. तोवर सूनबाईंनी त्यांना विहिरीचा काठ, माळ्याची शिडी आणि कडबाकुट्टी बंद केली होती, ते फार शहाणपणाचे केले. दिवाळीत गेलो तेव्हा आजी अंगणात भात पाखडत होत्या. फक्त पहाटे उठताना आधी खाटेच्या कडेवर क्षणभर बसतात, मग पाय टेकतात.