अस्सलाच्या जिवावर जगणारी सोंगं

गोव्यातल्या तेरेखोलच्या डोंगरावर काजूच्या फांदीवरून तांबड्या मुंग्यांची रांग चालली असेल, तर त्यांच्याजवळ बोट नेऊन बघावं. मुंग्या मागे हटत नाहीत. जबडे वासून, पोट उंचावून बोटाच्याच दिशेने येतात. पण त्या गर्दीच्या कडेला एखादी अशी निघते, जी पटकन फांदीच्या खालच्या अंगाला सरकते आणि तिथेही बोट पोचलं तर उडी टाकून एका धाग्याला लोंबकळते. मुंगी धागा सोडत नाही. तो कोळी असतो.

या मुंग्यांना इथे आणि लगतच्या सिंधुदुर्गात हुमले म्हणतात. बोंडू काढायला काजूखाली गेलेल्या माणसाला त्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. जिवंत पानं एकमेकांकडे ओढून धरायची, आपल्याच अळ्या जबड्यात पकडून त्यांच्या तोंडून निघणाऱ्या रेशमाने ती पानं शिवायची, असं त्यांचं घर. चावा कडक आणि त्यावर फॉर्मिक आम्लाचा फवारा. एकीला डिवचलं की सगळं झाड अंगावर येतं. काजूच्या पालवीचा आणि मोहराचा रस शोषणाऱ्या ढेकण्याला हुमले आवरतात. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांमध्ये त्यांना मुद्दाम झाडांवर वसवण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे मात्र बागेत हुमले दिसले की आधी फवारणीचा पंप निघतो, याचं मला वाईट वाटतं.

असल्या मुंगीच्या वाटेला बहुतेक भक्षक जात नाहीत. प्रार्थनाकीटक, गांधीलमाश्या, इतर कोळी, सगळे तिला टाळतात. हा दरारा या कोळ्याने उसना घेतला आहे. त्याचं शास्त्रीय नाव मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस. कुळ उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं. रंग हुबेहूब हुमल्याचा. कोळ्याचं शरीर दोन भागांचं आणि मुंगीचं तीन भागांचं दिसतं. म्हणून याच्या पुढच्या भागाला मधोमध अशी चीर पडली आहे की डोकं वेगळं आणि धड वेगळं वाटावं. मुंगीला पाय सहा, कोळ्याला आठ. हा पुढची जोडी हवेत धरून मुंगीच्या स्पर्शिकांसारखी हलवत राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके आहेत, ते मुंगीच्या डोळ्यांच्या जागी. त्याचे खरे मोठे डोळे समोर असतात. चालही मुंगीची, थांबत, वळत, घुटमळत. हुमल्यांशी मात्र त्याचं सख्य नाही. तो त्यांच्यामध्ये राहतो, पण अंतर राखून. सापडला तर त्या त्याला फाडून खातात.

नराची गोष्ट याहून नवलाची. त्याचे जबडे इतके लांब पुढे आलेले असतात की सोंग बिघडायला हवं होतं. पण पुढून पाहिलं तर ती दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून नेणारी मुंगी वाटते. झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन या संशोधकांनी २००६ मध्ये असे नर वेगवेगळ्या भक्षकांसमोर ठेवून पाहिले. मुंग्यांना भिणारे भक्षक नरालाही टाळत होते. मुंग्याच खाणारा कोळी मात्र त्याच्यावर जास्त तुटून पडत होता, कारण ओझं वाहणारी मुंगी जबडे वापरू शकत नाही आणि अशी शिकार त्याला सोपी. एका शत्रूपासून वाचण्यासाठी नर दुसऱ्याच्या तोंडी जातो.

हुमल्यांच्या वेषात आणखी एक कोळी फिरतो, अमायसिया फोर्टिसेप्स. त्याची नक्कल उलटी आहे: पोटाच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके, म्हणजे त्याची मागची बाजू मुंगीचं तोंड भासते. तो एखाद्या अर्धमेल्या मुंगीसारखा वळवळतो. चौकशीला एखादा हुमला जवळ आला की त्याला चावतो आणि धाग्यावर लटकत निवांत खातो. पहिला कोळी हुमल्यांच्या नावावर जीव वाचवतो, दुसरा त्याच नावावर पोट भरतो.

निरुपद्रवी जीवाने उपद्रवी जीवाचं रूप घ्यावं, या प्रकाराचा उलगडा हेन्री वॉल्टर बेट्सने केला. हा इंग्रज १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेला आणि ११ वर्षं तिथली फुलपाखरं गोळा करत राहिला. १८६२ च्या निबंधात त्याने दाखवलं की पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखरांसारखी दिसणारी काही फुलपाखरं मुळात वेगळ्याच कुळातली आहेत. डार्विनच्या ग्रंथाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि नैसर्गिक निवडीला इतका डोळ्यांना दिसणारा पुरावा दुसरा नव्हता. मात्र या सोंगाला एक अट आहे. अस्सल भरपूर हवं आणि नकला त्या मानाने थोड्या. पक्ष्याला दर दोन घासांमागे एक गोड लागला, तर तो रंगाला भिणं सोडून देईल.

ही अट तेरेखोलच्या परसात बघता येते. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर ती बहुधा कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. कोशाचा रंगही जागेप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी. त्या कोशातून नर निघाला तर तो नेहमी एकाच रूपाचा: काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी निघाली तर तिची तीन रूपं संभवतात. एक नरासारखी. दुसरी मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग आणि कडेला तांबड्या कोरी घेऊन कॉमन रोझ या विषारी फुलपाखराची नक्कल करणारी. तिसरी पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यांवर लाल ठिपके घेऊन तशाच विषारी क्रिमझन रोझची. या वेगवेगळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या, हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मांडलं. श्रीलंकेत फ्रायर या कीटकशास्त्रज्ञाने पिढ्यान्‌पिढ्या ही फुलपाखरं वाढवून १९१३ मध्ये दाखवलं की ही रूपं मेंडेलच्या साध्या नियमांनी वारशात येतात.

त्यामागचा जनुक सापडायला आणखी १०० वर्षं लागली. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की पंखांचा सगळा नकाशा ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकापाशी ठरतो. कीटकांमध्ये नर-मादीची घडण ठरवण्याचं काम करणारा हा जुना जनुक. सोंग घेणाऱ्या मादीत गुणसूत्राचा हा तुकडा उलटा फिरलेला असतो. त्यामुळे त्यातले बदल एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात आणि अर्धवट सोंगाची मादी जन्माला येत नाही. नुसता रंगच नव्हे, सोंग घेतलेल्या माद्या रोझसारख्या संथही उडतात. फसवत नाही ती एकच खूण: रोझचं अंग लाल, मॉर्मनचं काळं.

रोझ फुलपाखरांचं विष येतं सापसंदेच्या वेलीतून. काही जण हिला ईश्वरी म्हणतात. कुंपणावर, झुडपांत चढणारी, नळीसारख्या फुलांची ही वेल गावठी औषधांत सर्पदंशावर वापरली जायची. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल माणसाची मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं, त्यामुळे ती पोटात घेऊ नये. रोझच्या अळ्या मात्र तेच आम्ल खाऊन अंगात साठवतात आणि फुलपाखरू झाल्यावरही ते त्यांच्यात राहतं. म्हणजे कढीपत्त्यावर वाढलेली मादी सुरक्षित राहते ती कुंपणावरच्या एका वेलीमुळे, जिला तिने कधी तोंडही लावलेलं नसतं. कुंपण ‘साफ’ करून सिमेंटची भिंत घातली की वेल जाते, रोझ जाते, आणि मॉर्मनच्या पंखांवरच्या लाल कोरींना काही अर्थ उरत नाही.

सगळेच जीव असे उठून दिसण्यावर भिस्त ठेवत नाहीत. आंब्याच्या किंवा काजूच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते. तिच्या पाठीवर फिकट पिवळी रेघ, दोन्ही बाजूंना पिसांसारखे फाटे फुटलेले काटे. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी लांबट पडून राहते की पाठीवरची रेघ तीच शीर होते. केरीच्या पुळणीवरच्या वाळूरंगी कुर्ल्यांच्या एका जातीवर सिंगापूरमध्ये अभ्यास झाला. त्यात दिवसा त्या फिकट आणि रात्री गडद होत असल्याचं दिसलं. कातळसड्यावर टिटवी उघड्यावर, खड्यांतच अंडी घालते. ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. या सोंगांनाही पार्श्वभूमी लागते. मोपाच्या सड्यावर आता विमानतळाची धावपट्टी आहे, आणि डांबरावर टिटवीचं अंडं लपत नाही.

घरात शिरणाऱ्या कवड्या सापाचं सोंग तर माणसांवरही चालतं, आणि त्यातच त्याचा जीव जातो. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारलं जातं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्याच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक. पण रात्री ही तपासणी करत बसू नये. लांब राहून सर्पमित्राला बोलवावं.

नक्कल अस्सलावर किती अवलंबून असते, याचा सगळ्यात बोलका दाखला जपानच्या दक्षिणेकडच्या मियाको बेटाचा आहे. तिथे कॉमन मॉर्मन आधीपासून होतं, कॉमन रोझ नव्हतं. १९७० च्या दशकात रोझ तिथे येऊन वसलं आणि पुढच्या काळात मॉर्मनमधल्या सोंगी माद्यांचं प्रमाण वाढत गेलं. बेटावर एक विषारी शेजारी आला आणि एका पूर्ण वेगळ्या जातीचं रूपच पालटू लागलं.

अस्सल कमी-जास्त झालं की नकलाही बदलतात का, हा प्रश्न तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर विचारता येईल. एका बाजूला केरी, पालये, हरमल, जिथे परसं आणि कुंपणं झपाट्याने बदलत आहेत. दुसऱ्या बाजूला तेरेखोल गाव, रेडी, आरोंदा, जिथे अजून बरीच झाडी आहे. पावसाळ्यानंतर सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलपाखरं भरपूर असतात. शाळेतल्या मुलांनी वहीत पाच रकाने करावेत: नरासारखी मादी, पांढऱ्या डागाची, पांढऱ्या पट्ट्यांची, कॉमन रोझ, क्रिमझन रोझ. मादी पंखांवरून नव्हे, तर कढीपत्त्यावर किंवा लिंबावर अंडी घालताना ओळखावी, म्हणजे नरासारख्या मादीत आणि नरात घोटाळा होणार नाही. लाल अंग दिसलं तर ती रोझ, काळं दिसलं तर मॉर्मन. सोबत दर कुंपणावर सापसंद आहे की नाही, एवढी एक नोंद. मुलांचे फोटो ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर पाठवता येतात. तिथे जाणकार ओळख तपासून घेतात. तीन-चार पावसाळे अशी नोंद दोन्ही काठांवर झाली, तर कुंपणाबरोबर माद्यांची रूपं बदलतात का, याचा मागोवा पेडण्यातल्या आणि वेंगुर्ल्यातल्या शाळांना घेता येईल.