रातांबा : नर कीं मादी?

आमसुलाचें सार ज्या घरांत कधींच होत नाहीं, असें घर महाराष्ट्रांत विरळा. परंतु तें आमसूल ज्या झाडावर येतें, तें झाड घाटावरील किती वाचकांनीं प्रत्यक्ष पाहिलें असेल, याची शंकाच आहे. हें झाड म्हणजे रातांबा. गोमंतकांत त्याच्या फळास भिरंड म्हणतात. गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या ग्रंथांत या आंबट फळाचा उल्लेख केलेला आहे. शास्त्रीय नांव गार्सीनिया इंडिका. मात्र तें या वैद्यावरून पडलेलें नाहीं. अठराव्या शतकांतील गार्सीन नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ तें ठेविलें गेलें. परदेशांतून येणारें मँगोस्टीन हें याच वंशांतील भावंड होय.

रातांब्याचें मूळ घर सह्याद्रीच्या पायथ्याचें सदाहरित आणि निमसदाहरित रान. कोकण, गोमंतक, कारवार आणि खालीं केरळपर्यंत, जेथें पाऊस भरपूर व हवा दमट, अशा ओढ्यांच्या कांठीं आणि दऱ्यांच्या उतारांवर तें आपोआप रुजतें. उंच वृक्षांच्या छायेंत वाढण्याची त्यास जन्मजात संवय असल्यामुळें नारळी-पोफळीच्या बागेंतहि तें सुखानें नांदतें. खोड सडपातळ, फांद्या खालीं झुकलेल्या, दुरून पाहिल्यास सबंध झाड निमुळत्या शंकूसारखें दिसतें. पानें समोरासमोर, लांबट, वरून गर्द हिरवीं व खालून फिकीं. पालवी तांबूस फुटते. फळ लिंबाएवढें, पिकल्यावर जांभळट लाल, आणि आंतील आंबट गरांत पांच ते आठ बिया. या बियांपासूनच टांचांच्या भेगांना लावावयाचें कोकमतेल निघतें.

परंतु या झाडाची खरी कथा त्याच्या फुलांत आहे. नर आणि मादी फुलें बहुधा निरनिराळ्या झाडांवर येतात. नरफुलें झुबक्यांनीं येतात व त्यांत पुंकेसरांची दाटी असते. मादीफूल बहुधा एकटें, मधोमध फुगीर अंडाशय घेऊन बसलेलें. अडचण अशी कीं, हीं फुलें दिसावयास बीं पेरल्यापासून सात-आठ वर्षें लागतात, आणि तोंवर पानावरून, सालीवरून किंवा वाढीवरून झाड कोणत्या जातीचें हें ओळखतां येत नाहीं. बियांच्या रोपांपैकीं सुमारें निम्मीं नर निघतात. आजीनें हौसेनें परसांत रोप लावावें, सुनांनीं त्यास आठ उन्हाळे पाणी घालावें, आणि शेवटीं झाड नर निघावें, हा प्रसंग त्यामुळें मुळींच दुर्मिळ नव्हे.

मग बहुधा कोयता चालतो. ‘वांझ झाड’ म्हणून पहिला घाव नरावर बसतो. हा शब्द मला तरी अन्यायाचा वाटतो. शेजारच्या झाडास फळ धरावयाचें तर पराग त्याच्याकडूनच यावयाचा! म्हणूनच बागेंत थोडे नर राखावेत, असें जाणकार सांगतात. रानांतील झाडांस तर असा सल्लागारहि नसतो. तेथें जळणासाठीं किंवा काजूच्या लागवडीसाठीं जागा साफ करतांना नर-मादी असा भेद न करतां झाड तुटतें. बीं फार काळ टिकत नाहीं, तें ताजें असतांनाच पेरावें लागतें. म्हणजे रान गेल्यावर बियांचा सांठा करून तें परत आणूं म्हणावें, तर तीहि सोय नाहीं.

परसापुरता उपाय कलमाचा आहे. मादी झाडाची काडी बांधली कीं नर निघण्याची धास्ती संपते, आणि फळहि लवकर धरतें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें १९९७ सालीं ‘कोकण अमृता’ ही जात दिली. तिचीं फळें पावसाळ्यापूर्वीं तयार होतात. हा लाभ लहान नव्हे. फळाची साल त्याच्याच रसांत मिठासह पुनःपुन्हा भिजवून उन्हांत वाळवावी, तेव्हां आमसूल होतें. मृगाची सर आधीं आली, तर झाडावरचें उरलेलें पीक बहुतांशीं वायांच जातें. कलम घेतांना एक मात्र विचारून घ्यावें. आडव्या फांदीची काडी बांधलेली असेल, तर झाड उभें न वाढतां झुडपासारखें पसरतें. यास्तव काडी मादी झाडाच्या सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच असावी.