उणे दोनचा अर्थ

लॅपटॉपवर लिनक्स प्रणाली बसविली, सर्व कांहीं सुरळीत चालूं लागलें, पण वाय-फाय तेवढें दिसत नाहीं, असा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. मग कार्डच बिघडलें असें समजून दुकानाची वाट धरली जाते. खर्चांत पडण्यापूर्वीं कर्नलची रोजनिशी वाचावी.

कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें तो १९९१ सालीं प्रसिद्ध केला. यंत्राच्या भागांशीं बोलण्यास कर्नलला दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. इंटेलच्या वाय-फाय कार्डांच्या दुभाषाचें नांव 'आयडब्ल्यूएलवायफाय'. या कार्डांच्या पोटांत एक छोटा संगणकच असतो, व यंत्र सुरू होतांच त्यास त्याचा पाठ पढवावा लागतो. हा पाठ म्हणजे फर्मवेअर. तो डिस्कवर निराळ्या फाइलींत असतो. दुभाषा हजर, पण पाठाचें पुस्तक गैरहजर, अशी स्थिति त्यामुळेंच उद्भवते.

'डी-मेसेज' ही आज्ञा दिली कीं रोजनिशी पडद्यावर उमटते. तींत फर्मवेअर चढविण्याचा प्रयत्न फसल्याची ओळ व शेवटीं 'एरर उणे २' असें आढळतें. उणे २ म्हणजे मागितलेली फाइल सांपडली नाहीं, इतकेंच. उणे ११० ची गोष्ट वेगळी: ठराविक वेळांत उत्तर आलें नाहीं. तेथें मात्र यंत्राविषयीं शंकेस जागा आहे.

यांतही एक मौज आहे. हा ड्रायव्हर स्वतःस ठाऊक असलेली सर्वांत नवी फर्मवेअर फाइल प्रथम मागतो, आणि ती नसल्यास एकेक पायरी खालीं उतरतो. दोन-चार नकारांनंतर एखादी फाइल चढल्याची ओळ आली, तर ते नकार निरुपद्रवी होत. उतावळा मनुष्य पहिल्या ओळीशींच थांबतो! योग्य फर्मवेअर मुळींच सांपडलें नाहीं, असें अखेरीस म्हटलें असेल तरच उपाय करावा.

उपाय म्हणजे फर्मवेअरचें पॅकेज बसविणें. त्यासाठीं इंटरनेट हवें, आणि अडलें आहे तेंच! मोबाइल यूएसबी तारेनें जोडून हें काम भागतें. स्वयंसेवकांनीं चालविलेल्या डेबियन प्रणालींत ही अडचण तत्त्वांतून आली होती. ज्याचा मूळ मजकूर खुला नाहीं, तें अधिकृत प्रतींत घालावयाचें नाहीं, असा तेथील दंडक. २०२२ सालीं मतदानानें तो सैल झाला व जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून हें फर्मवेअर प्रतीबरोबरच मिळूं लागलें. तत्त्वास थोडी मुरड पडली खरी, पण अडलेल्या गृहस्थाची सोय झाली.

कर्नल अद्ययावत केल्यावरच दोष उद्भवला असेल, तर संगणक सुरू करतांना ग्रबच्या यादींतून मागील कर्नल निवडावा. त्यावर वाय-फाय चाललें, तर कार्ड निर्दोष आहे.