चित्रपटावरचे अक्षर

तुम्हांला आता वाचता येते. दुकानाची पाटी तुम्ही वाचता. एसटीची पाटी वाचता. पण चित्रपट सुरू होताना पडद्यावर आधी एक कागद येतो, तो कधी वाचला आहे का? तो येतो आणि जातो. आपण त्या वेळी शेंगदाण्यांची पुडी सोडत असतो. त्या कागदावर एक अक्षर असते. घरात लहान मूल असेल, तर ते अक्षर वाचलेच पाहिजे.

आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही उल्हासनगरला कॅम्प ४ मध्ये राहतो. इथे पूर्वी लष्कराची छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत जागा दिली. म्हणून आजही लोक कॅम्पच म्हणतात.

१९८६ साल होते. आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. त्या काळी गणपतीत व्हिडिओ भाड्याने आणीत. आमच्या बराकीनेही वर्गणी काढली. रंगीत टीव्ही आला, यंत्र आले, तीन कॅसेटी आल्या. सतरंज्या अंथरल्या. मुले पुढे बसली, मोठी माणसे मागे.

तिसरा चित्रपट भुताचा आणि खुनाचा निघाला. मुले झोपली असतील, असे सगळ्यांना वाटले. पण शेजारचा सहा वर्षांचा मुलगा जागा होता. तो किंचाळत उठला. पुढे महिनाभर तो रात्री एकटा मोरीपर्यंत जाईना. त्याची आई आम्हांला म्हणाली, "मास्तर, मला मेलीला वाचता येत नाही. तुम्हांला तर येतं ना?"

कॅसेटच्या डब्यावर अक्षर छापलेले होते. ते आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले, कॅसेट परत करताना. त्या माउलीला आम्हांला उत्तर देता आले नाही.

हे अक्षर कोण देते? केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देते. लोक त्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतात. त्याची मुख्य कचेरी मुंबईला आहे. १९५२ च्या कायद्याप्रमाणे मंडळाचे काम चालते. चित्रगृहात लावण्याआधी चित्रपट मंडळाला दाखवावा लागतो. तो कोणत्या वयाला योग्य, हे मंडळ ठरवते आणि प्रमाणपत्र देते. पडद्यावर येतो तो हाच कागद.

चित्रगृहाच्या दारात तिकीट पाहणारा माणूस असतो. मोठ्यांच्या चित्रपटाला तो मुलांना आत सोडत नाही. पण व्हिडिओ आला आणि चित्रपट घरात शिरला. घराच्या दारात कोण अडवणार? म्हणून १९८४ मध्ये कायद्याने सांगितले, की कॅसेटवर किंवा तिच्या डब्यावर प्रमाणपत्राची नक्कल पाहिजे.

आता अक्षरे ओळखू या. ती इंग्रजी असतात, पण सोपी आहेत.

पहिले अक्षर यू. ते विहिरीसारखे दिसते. खाली गोल, वर उघडे. हा चित्रपट सर्वांनी पाहावा. आजीने पाहावा, नातवाने पाहावा.

दुसरे अक्षर ए. ते दुपायी शिडीसारखे दिसते. दोन पाय फाकलेले, वर टोक, मध्ये आडवी पट्टी. हा चित्रपट १८ वर्षे पुरी झालेल्यांसाठीच.

विहीर आणि शिडी शेजारी शेजारी दिसली, तर ते यूए. हे १९८३ मध्ये आले. याचा अर्थ, मुलाला दाखवावे की नाही, ते आईबापांनी ठरवावे. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि यूएचे तीन भाग झाले. आता पुढे ७, १३ किंवा १६ असा आकडा असतो. मूल त्या वयाहून लहान असेल, तर आधी विचार करा. आकडे इंग्रजी असले तरी भिऊ नका. मोबाइलवर नंबर लावताना ते रोज पाहता.

एक घोटाळा मात्र करू नका. प्रमाणपत्रावर देवनागरी अक्षरही असते. तिथे 'अ' म्हणजे सर्वांसाठी. 'व' म्हणजे वयस्कांसाठी, फक्त मोठ्यांसाठी. इंग्रजी ए आणि आपला अ हे एक नव्हेत, बरे का!

आता कॅसेटी गेल्या. मूल कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसते. पैसे भरून मोबाइलवर चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना २०२१ पासून नियम आहे. त्यांनीही अशीच अक्षरे द्यायची. यूए १३ आणि त्यावरच्या चित्रपटांना कुलूप लावायची सोय ठेवायची. हे कुलूप चार आकड्यांचे वगैरे असते. ते कसे लावायचे, हे जाणत्याला विचारून शिकून घ्या. आकडे मुलाला सांगू नका.

पण मोबाइलवर फुकट दिसणाऱ्या पुष्कळ चित्रांवर अक्षरच नसते. अक्षर नाही म्हणजे ते मुलांचे, असे समजू नका. तिथे आपणच शेजारी बसावे.

अक्षर लहान असते. क्षणभर दिसते. त्या माउलीला ते वाचता येत नव्हते, तिचा काय दोष? दोष आमचा होता. आम्हांला वाचता येत होते आणि आम्ही वाचले नाही. आता तुम्हांलाही वाचता येते.

सांगा पाहू :
१. विहिरीसारखे अक्षर दिसले, तर चित्रपट कोणी पाहावा?
२. प्रमाणपत्रावर 'व' असेल, तर तो कोणासाठी?
३. तुमच्या घरातल्या मोबाइलला कुलूप आहे का?