दम्याचा पंप : केव्हा, कसा, किती

दम्याच्या रोग्याच्या खिशात असणाऱ्या लहानशा पंपाविषयी आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत आणि दोन्ही सारख्याच घातक आहेत. पहिली अशी की, पंप म्हणजे शेवटचे औषध. तो एकदा तोंडाला लागला की जन्मभर सुटत नाही, म्हणून होईल तितका टाळावा. दुसरी अशी की, पंप जवळ आहे तोवर चिंता नाही. धाप लागली की दोन फवारे घ्यावेत आणि कामाला लागावे. पहिल्या समजुतीपायी माणूस धापा टाकीत बसतो. घरात उपवर मुलगी असेल, तर तिचा पंप घरचीच माणसे दडवून ठेवतात. दुसऱ्या समजुतीपायी माणूस महिन्याला एक पंप संपवितो आणि आपला रोग ताब्यात आहे असे मानतो. या दुसऱ्याची काळजी मला अधिक वाटते, कारण त्याला स्वतःला ती वाटत नसते.

दम्यात नेमके काय घडते हे समजले, की ही गोष्ट आपोआप उलगडते. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भोवती स्नायूंची वेटोळी असतात. झटका आला म्हणजे ती आवळली जातात, नळीचे आतले अस्तर सुजते आणि त्यात चिकट कफ साठतो. श्वास आत कसाबसा जातो, पण बाहेर पडताना अडतो; छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो तो यामुळेच. तातडीच्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल हे औषध असते. ते आवळलेला स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेला मात्र ते हात लावीत नाही. गळ्याभोवतीचा फास सैल करणे निराळे आणि गळ्याला आलेली सूज उतरविणे निराळे. सूज उतरविण्याचे काम रोज घ्यावयाच्या दुसऱ्या, स्टेरॉइडयुक्त पंपाचे आहे. स्टेरॉइड या शब्दाला लोक भितात, परंतु फवाऱ्यातून त्याची मात्रा अगदी अल्प असते. तो घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंड येत नाही.

पंपाचा जन्म मोठा गमतीदार आहे. अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारावयाचा फवारा डबीत मिळतो, मग माझे औषध तसे का मिळू नये, असे तिने वडिलांना विचारले. त्यातून १९५६ साली मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. (त्याच साली येथून तीस किलोमीटरवर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आपण सारे ‘घाटी’ म्हणतो.) पुढे १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याने मरणाऱ्या तरुण रोग्यांची संख्या एकाएकी वाढली. त्या काळच्या पंपात आयसोप्रिनालिन हे औषध असे आणि त्याचा एक अतितीव्र प्रकार विकला जाई. रोगी फवाऱ्यांवर फवारे घेत घरीच थांबत आणि रुग्णालयात फार उशिरा पोहोचत. डॉक्टरांना इशारे दिले गेले, विक्रीवर बंधने आली आणि मृत्यू उतरले. साल्ब्युटामॉल १९६९ साली आले. ते हृदयाला पुष्कळच सौम्य आहे. तथापि फवाऱ्याच्या भरवशावर घरी थांबून राहण्याचा धोका औषध बदलल्याने गेलेला नाही.

आता पंप घ्यावा कसा? ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण वर्षानुवर्षे पंप वापरणारी पुष्कळ माणसे तो चुकीचा वापरतात आणि औषध जिभेवर व घशातच संपते. आधी झाकण काढून तोंडाच्या भोकात डोकवावे. उघड्या पंपात खिशातले नाणे वा सुपारीचे खांड शिरलेले असू शकते. पंप चांगला हलवावा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल, तर दोनचार फवारे हवेत सोडावेत. ताठ बसून सावकाश श्वास सोडावा, ओठ तोंडाशी घट्ट मिटावेत आणि श्वास आत घ्यावयास आरंभ करतानाच डबी एकदा दाबावी. श्वास हळू व खोल घ्यावा, चारपाच सेकंद. मग दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरावा. दुसरा फवारा हवा असेल, तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून घ्यावा. एका श्वासात दोनदा दाबणे म्हणजे औषध वाया घालविणे होय.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ ज्यांना साधत नाही, त्यांच्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी मिळते. फवारा तिच्यात सोडावा आणि मग श्वास घ्यावा. लहान मुले, म्हातारी माणसे आणि झटक्याने घाबरलेला कोणीही यांना ती फारच उपयोगी. आपल्याकडे कॅप्सूलमधील भुकटी यंत्रातून ओढण्याचा प्रकारही पुष्कळ चालतो. तेथे रीत उलटी: श्वास हळू नव्हे, तर जोरात व झपाट्याने ओढावयाचा, आणि यंत्रात उलट फुंकर मारावयाची नाही. ती कॅप्सूल गिळावयाची नसते, हे सांगण्याची गरज वाटू नये. पण गिळणारे आढळतात.

झटका मोठा असेल तर रोग्याला निजवू नये, ताठ बसवावे. डॉक्टरांनी योजना लिहून दिली असेल, तर ती प्रमाण मानावी. नसेल तर साल्ब्युटामॉलचे चार फवारे, एकेक करून, प्रत्येक फवाऱ्यामागे स्पेसरमधून चार श्वास, असे द्यावेत आणि चार मिनिटे थांबावे. उतार न पडल्यास तसेच पुन्हा करावे. तरीही उतार नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, रोगी गुंगल्यासारखा होतो, यांपैकी काही दिसले तर मुळीच वाट पाहू नये. छातीतील शीळ एकाएकी थांबली आणि धाप मात्र तशीच आहे, तर तो आराम नव्हे. हवा जाणेच बंद पडत चालल्याचे ते चिन्ह आहे.

वेरूळच्या माणसाला हे अधिक सांगावयास हवे. येथून मोठे रुग्णालय घाट उतरून जावे लागण्याइतके दूर आहे. खुलताबाद जवळ, पण गर्दीच्या दिवशी तेही जवळ राहत नाही. पहिल्या लेण्यापासून चौतिसाव्या लेण्यापर्यंत सुमारे दोन किलोमीटरची चाल आहे, तीन तालाच्या पायऱ्या आहेत, आतल्या काळोखात धूळ आणि वटवाघळांचा वास. चालण्याने ज्यांना धाप लागते, त्यांनी निघण्यापूर्वी फवारा घ्यावा की काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आणि घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढूनच जावे लागते. पंप सदऱ्याच्या खिशात, सदरा सोबत्याच्या हातात आणि सोबती रांगेच्या बाहेर! श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला दम्याच्या माणसाने पंप मुठीत वा कमरेला खोचून ठेवावा. देवाची त्याला हरकत असेल असे मला वाटत नाही.

किती, हा प्रश्न उरला. एका पंपात बहुधा दोनशे फवारे असतात. वर्षात तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर तीव्र झटक्याचा धोका वाढतो; बारा किंवा अधिक संपत असतील, तर मृत्यूचा. आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक वेळा पंप लागत असेल, तर दमा ताब्यात नाही, असेच समजावे. २०१९ पासून दम्यावरील जागतिक मार्गदर्शनात, मोठ्यांना व किशोरवयीनांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, सोबत सूज उतरविणारे औषध असलेच पाहिजे, असे सांगितले आहे. हात थरथरणे किंवा छाती धडधडणे हे काही फवाऱ्यांनंतर होते व ओसरते. हृदयरोग असलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

कोजागरीच्या रात्री ठिकठिकाणी खिरीतून दम्याचे औषध देतात. मृगाच्या सुमारास हैदराबादेत बत्तिनी घराण्याकडून जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळावयास देतात आणि त्यासाठी महाराष्ट्रातूनही माणसे जातात. कोणाच्या श्रद्धेशी भांडण्याची माझी इच्छा नाही. परंतु या औषधांनी दमा जातो असे सिद्ध झालेले नाही, आणि त्यांच्या भरवशावर रोजचा पंप बंद करणे हा जिवाशी खेळ आहे.

शेजाऱ्याचा पंप मागून घेण्याची रीतही सोडावी. प्रत्येक धाप दम्याची नसते. रक्त कमी असणे, हृदय थकणे, यांनीही धाप लागते. बिडी न ओढताही चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईच्या फुप्फुसांना कायमचा विकार जडतो, पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. तेव्हा छाती तपासून घ्यावी, फुंकून पाहण्याची चाचणी करावी आणि मग पंप कोणता ते ठरवावे. रंगावर विसंबू नये, डबीवरचे नाव वाचावे.

जाता जाता जपणुकीचे सांगतो. डबी पाण्यात तरंगते की बुडते यावरून औषध किती उरले ते कळत नाही. आकडा दाखविणारा पंप घ्यावा किंवा फवारे मोजावेत. प्लास्टिकचे तोंड आठवड्यातून एकदा, धातूची डबी काढून ठेवून, कोमट पाण्याने धुवावे व वाळवावे. आणि मे महिन्यात लेण्यांपाशी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पंप ठेवून जाऊ नये. ती डबी दाबाखाली भरलेली असते.