टेप, मोजे आणि दोन रकाने

गुडघा बदलून घ्यायला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात दाखल झालो. गुडघ्याचं कुणी नावही काढलं नव्हतं, तोच नर्स टेप घेऊन आली आणि माझ्या पोटरीचा घेर मोजू लागली. मग प्रश्न. साठी उलटली? वजन किती? कॅन्सर? पायात कधी रक्ताची गुठळी? आईवडिलांना, भावंडांना?

संपलं असं वाटलं, तर फॉर्मचा पुढचा रकाना उलट्या वाटेचा. कुठून रक्त जातंय का? बीपी आटोक्यात आहे? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे? पहिला रकाना म्हणतो गुठळी होऊ देऊ नका, दुसरा म्हणतो रक्तस्रावही ओढवून घेऊ नका. दोन्ही वाचून औषध ठरवणं हे खरं काम. खुणा कुणीही करेल.

तरी खुणांची सक्ती करावी लागलीच. रुग्णालयात जडलेल्या गुठळ्यांनी इंग्लंडात वर्षाला 25,000 माणसं दगावतात, असा अंदाज संसदेच्या आरोग्य समितीने 2005 मध्ये मांडला. 2010 मध्ये 90 टक्के रुग्णांची ही तपासणी करण्याशी रुग्णालयाच्या पैशांचा काही भाग बांधला गेला. पैशाची गाठ बसली की फाइल हलते, इथंही! अमेरिकेत फ्लोरिडाने 2025 मध्ये अशा तपासणीसाठी कायदाच केला.

ऑपरेशनच्या रात्री गुठळी टाळायचं इंजेक्शन आलं. ‘हे डुकराच्या आतड्यापासून बनतं, चालेल?’ नर्सने आधी विचारलं. आमच्या घरात अंडंही शिजत नाही. क्षणभर थांबलो, मग मान हलवली. पोटाची वळी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी घालायची, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नंतर चोळायचं नाही. टेपने माप घेतलेले घट्ट मोजे रोज उतरवून नर्स टाचा निरखायची. मोज्याला वळी पडली की लगेच सरळ करायची, नाहीतर तीच पाय आवळते.

घरी येऊन चौदा दिवस माझं मीच टोचून घेतलं. साताऱ्याहून ताईचा फोन : ‘पोटरीला कोमट तेल लावून चोळून घे रे.’ तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. गुठळी घरी गेल्यावर, काही आठवड्यांनीही होते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इस्पितळ गाठा.