आधी बोट, मग बोल

घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमानं इतकी खाली येतात की खिडकीतल्या दीड वर्षाच्या पोराच्या नजरेतून ती सुटत नाहीत. बहुतेक पोरं विमानाकडे बोट करतात आणि लगेच वळून आईकडे पाहतात : तुलाही दिसलं ना? हे वळून पाहणं मला पहिल्या शब्दापेक्षा मोलाचं वाटतं. ते नसेल तर स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, शंका घ्यायला जागा असते. घरचे मात्र शब्दांची वाट पाहत बसतात.

‘मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा चार वर्षांचा झाल्यावर बोलला,’ आजी सांगते. बोल फुटावेत म्हणून पोपटाने उष्टावलेला पेरूही भरवला जातो. पेरूने अपाय होत नाही, वर्ष मात्र वाया जातं. नुसतंच उशिरा बोलणारं मूल हाकेला वळतं, खुणा करतं, हवं ते बोटाने दाखवतं. यातलं काहीच दिसत नसेल तर थांबू नये. आधी कान तपासावेत. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती सोय आहे.

याच्या अगदी उलट समज : ‘बोलतो की! मग कसला ऑटिझम?’ बोरिवली ते चर्चगेट सगळी स्टेशनं घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘आई, पाणी’ म्हणता येत नाही, असंही असतं. शब्दांचा साठा आहे, ते कुणाशी तरी बोलायचे असतात हे उमगलेलं नाही. मुली तर इतरांची नक्कल करून निभावून नेतात. त्यांचं निदान अनेकदा शाळेत गेल्यावर होतं.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणारेही आहेत. पण स्वमग्नता रक्तात किंवा एमआरआयमध्ये सापडत नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ मुलाचं खेळणं-वागणं पाहून, पालकांना खोदून विचारून निदान करतात. अनुभवी तज्ज्ञाला ते दुसऱ्या वर्षाच्या सुमारासही करता येतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची ‘एम-चॅट’ ही प्रश्नावली आहे, पण ती फक्त चाळणी.

‘लस टोचली आणि गप्प झाला’ हे दुःख खरं, कारण खोटं. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत येतो, आणि काही मुलांचे आलेले शब्द नेमके त्याच वयात हरवतात. लशीवर ठपका ठेवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासातही संबंध आढळला नाही.

दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, हेही संशोधनात टिकलेलं नाही. तेव्हा आजीची मराठी बंद करून घरात मोडकंतोडकं इंग्रजी सुरू करायचं कारण नाही.